अंगठा कोणाच्या कागदावर?

शिरूर तालुक्यांतील केंदूर हें संत कान्हुराज पाठकांचें गांव म्हणून ख्यात आहे. आज मात्र आम्हांस पावसाच्या भरंवशावर पिकणाऱ्या त्या बाजूच्या शेताविषयीं, आणि दुसऱ्याची जमीन वाट्यानें करणाऱ्या माणसाच्या कर्जाविषयीं लिहावयाचें आहे. 1976 सालीं आपल्या घटनेच्या प्रास्ताविकांत 'समाजवादी' हा शब्द घालण्यांत आला. शब्द मोठा, पण पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठीं ह्या माणसानें कोणापुढें हात पसरावा, ह्याचें उत्तर त्यांतून अद्यापि निघालेलें नाहीं.

ह्या मुलुखास हा प्रश्न नवा नव्हे. अमेरिकेंतील 1861 ते 1865 च्या यादवीनें कापसाचा भाव चढला व रयतेस कर्ज सहज मिळूं लागलें. यादवी संपतांच भाव कोसळला, आणि तशांतच सरकारनें सारा वाढविला. शिरूर तालुक्यांतीलच कर्ड्याच्या लोकांनीं 1874 सालीं सावकारांवर बहिष्कार घातला. 12 मे 1875 रोजीं सुप्याच्या बाजारांत दंगा उसळला. दंगेखोरांचा मुख्य रोख होता तो दस्तऐवजांवर. खतें जाळलीं गेलीं, कारण अंगठा उठविला त्या कागदांत काय लिहिलें आहे हें बहुतेकांस ठाऊकच नव्हतें! 1879 च्या कायद्यानें न्यायाधीशास खतामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. त्यावर सावकारांनीं गहाणखताच्या जागीं खरेदीखत लिहून घेण्याची वाट काढली. तीच युक्ति 135 वर्षें टिकली. खरेदीखताआड दडलेली सावकारी उघड झाल्यास जमीन परत देवविण्याची तरतूद 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यांत करावी लागली.

अंगठ्याची दुसरीही एक कथा आहे. 1978 च्या अखेरीस चीनमधील श्याओगांग गांवच्या 18 शेतकऱ्यांनीं सामुदायिक जमीन घरोघर वांटून घेण्याचा गुप्त करार केला व त्यावर अंगठे उठविले. पुढें त्या समाजवादी सरकारनेंच ही पद्धति देशभर पत्करली. तो कागद त्या शेतकऱ्यांनीं स्वतः लिहिलेला होता.

आमच्याकडे 1948 च्या कूळकायद्यानें कसणारास मालकीचा मार्ग मोकळा केला, हें आम्ही थोर कार्य मानतों. परंतु त्याच कायद्याच्या धास्तीनें मालक आज वाट्याचा करार लिहून देण्यास कचरतो. सगळा व्यवहार तोंडी. सातबाऱ्यावर नांव नाहीं म्हणून सोसायटी पीककर्ज देत नाहीं. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नांवच्या शेतांत जन्मभर राबणाऱ्या स्त्रीची दशाही हीच. 1954 च्या ग्रामीण पतपाहणीच्या अहवालांत सहकारी संस्थांचा वाटा अवघा 3.1 टक्के होता. तो पुढें पुष्कळ वाढला खरा, पण वाढीचा लाभ मुख्यतः सातबारा हातीं असणारासच झाला.

आमचे व्यापारी वाचक म्हणतील, उधार बियाणें आम्ही देतों, बुडालें तर आमचें बुडतें, आणि बोलही आम्हांसच! तक्रार अगदींच खोटी नाहीं. पेढी जो धोका घेत नाहीं तो दुकानदार घेतो, व त्याची किंमत भावांत लावतो. पण उधार नेणारास तो भाव आधीं कळतो काय?

कसणारास अकरा महिन्यांचें कार्ड देणारा कायदा आंध्र प्रदेशानें 2019 सालीं केला. परंतु त्यास मालकाची सही लागे, तेव्हां घोडें तेथेंच अडलें. आपल्या राज्यांत 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. तींत पिकाबरोबर तें कोणीं कसलें हेंही लिहावें. ह्या नोंदीनें मालकी उत्पन्न होणार नाहीं असें कायद्यांत स्पष्ट सांगावें. आणि तिच्या आधारें सोसायटीनें कर्ज द्यावें. हें होईल तेव्हां होवो. प्रत्येक उधारीची, भाव व व्याज मराठींत लिहिलेली चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातीं देणें केंदूरच्या दुकानदारास उद्यां सकाळींही शक्य आहे.