विश्लेषण : बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनचे आमदार कसे झाले? त्यांच्या प्रवासातून कोणता प्रश्न उरतो?

अमेरिकेच्या संसदेत बेळगावात वाढलेला मराठी माणूस पोहोचला, याचे कौतुक आपल्याकडे भरपूर झाले. मात्र श्री ठाणेदार यांचा तिथवरचा मार्ग राज्याच्या विधिमंडळातून गेला आणि त्या मार्गाचा खर्च मोठा होता.

राजकारणाआधी काय?

चिकोडीत जन्मलेले ठाणेदार १९७९ मध्ये रसायनशास्त्रात पीएचडी करण्यासाठी अमेरिकेत गेले. रासायनिक चाचण्यांच्या प्रयोगशाळांच्या व्यवसायात त्यांनी पैसा कमावला, मंदीनंतर गमावला आणि पुन्हा उभा केला. ‘ही श्रींची इच्छा’ हे त्यांचे मराठी आत्मकथन अनेकांनी वाचले आहे.

आमदारकी कशी मिळाली?

२०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत उतरले. स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर खर्चूनही ते तिसरे आले. त्यानंतर ते डेट्रॉईटमध्ये राहायला गेले आणि २०२० मध्ये तिथूनच ११० सदस्यांच्या राज्य प्रतिनिधीगृहावर निवडून आले. सभागृहात बहुमत रिपब्लिकनांचे असल्याने विरोधी बाकावरील नव्या आमदाराच्या हाती फारसे काही नव्हते. दोन वर्षांची एक मुदत संपताच, जानेवारी २०२३ मध्ये ते अमेरिकी काँग्रेसमध्ये दाखल झाले.

पैशाचा मुद्दा का?

मिशिगनच्या आमदाराचा तेव्हाचा वार्षिक पगार ७१,६८५ डॉलर होता. ठाणेदार यांनी २०२० च्या लढतीत स्वतःचे चार लाखांहून अधिक डॉलर घातले. म्हणजे दोन वर्षांच्या पगाराच्या दुपटीहून जास्त. यात बेकायदा काहीच नाही. उमेदवाराने स्वतःचा किती पैसा खर्चावा यावर मर्यादा घालता येत नाही, असा निकाल अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच दिला आहे.

मतदारांचे काय?

डेट्रॉईटमध्ये डेमोक्रॅट पक्षाचे वर्चस्व असल्याने खरी लढत प्रायमरीतच होते. २०२२ मध्ये काँग्रेससाठीच्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या या शहराला १९५५ पासून काँग्रेसमध्ये कायम कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. ती परंपरा तिथे तुटली. पुढे २०२४ मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा निवडले, हेही तितकेच खरे.

ठाणेदार यांच्या जिद्दीबद्दल शंका नाही. गरिबीत वाढलेला मुलगा परक्या देशात लोकप्रतिनिधी होतो, ही त्या लोकशाहीची ताकद आहे. पण तो निवडणुकीला उभा राहिला तो गरिबी मागे टाकून, कोट्यधीश झाल्यावर. डेट्रॉईटमधल्या एखाद्या शिक्षिकेला किंवा बसचालकाला राज्याच्या विधिमंडळात जायचे असेल, तर तिथल्या समोरच्या उमेदवाराच्या खिशाशी त्यांनी स्पर्धा कशी करायची? कौतुक करताना हा प्रश्नही विचारायला हवा.