पाच इंचांचा नियम

आमच्या वसतिगृहात मोटारींचा विषय निघाला की पोर्शे या जर्मन कंपनीचे नाव हटकून येते, आणि पाठोपाठ १९७३ साल येते. अमेरिका व कॅनडात होणाऱ्या ‘कॅन-ॲम’ मालिकेत त्या वर्षी मार्क डोनह्यूने ‘९१७/३०’ ही गाडी चालवून आठपैकी सहा शर्यती जिंकल्या. उरलेल्या दोन पोर्शेच्याच ‘९१७/१०’ या आधीच्या गाड्यांनी नेल्या. बारा सिलिंडरचे इंजिन, त्याला टर्बो, अकराशेच्या घरात अश्वशक्ती! ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. माझेही विस्फारले होते.

परंतु मला विचाराल तर तिकडच्या शर्यतींतले पोर्शेचे खरे मोठे यश ते नव्हे. ते अकरा वर्षांनंतर सुरू झाले, आणि तेही एका नकारातून.

१९८२ मध्ये पोर्शेने ‘९५६’ गाडी तयार केली. फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच वर्षी पहिले तिन्ही क्रमांक तिने पटकावले. अशी गाडी कोण अडवणार? अमेरिकेतील ‘इम्सा’ या संस्थेने अडवली. कारण एवढेच की, तीत चालकाची पावले पुढच्या चाकांच्या आसापुढे येत होती. समोरून धडक बसली तर आधी चिरडली जाणार ती पावलेच. पावले आसाच्या मागे हवीत, असा तिथला नियम होता.

पोर्शेने मग पुढची चाके आणखी पुढे नेली. दोन आसांमधले अंतर २६५० मिलिमीटर होते, ते २७७० झाले. वाढ १२० मिलिमीटरची, म्हणजे सुमारे पाच इंचांची. ही गाडी ‘९६२’. १९८४ च्या डेटोना शर्यतीत मारिओ आणि मायकेल आंद्रेत्ती या पितापुत्रांनी ती आणली. सुरुवातीचे पहिले स्थान मिळाले, पण गाडी शेवटपर्यंत टिकली नाही. पुढे मात्र १९८५, १९८६ आणि १९८७ अशी सलग तीन वर्षे डेटोनाची चोवीस तासांची शर्यत ९६२ नेच जिंकली. या तिन्ही वर्षी इम्साचे चालकांचे अजिंक्यपदही ९६२ चालवणाऱ्यांकडेच गेले. पहिली दोन वर्षे अल होल्बर्टकडे.

आता हे मी का सांगतो? माझे वडील एका कारखान्यात यंत्रावर काम करीत. यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये पाऊल मागे घ्यायलाही जागा नव्हती. यंत्र थोडे सरकवा, असे कामगारांनी सांगितले होते. उत्तर मिळाले, “जागा सोडली तर एक यंत्र कमी बसेल, उत्पादन घटेल.” एके दिवशी लोखंडी साचा निसटला. अण्णांच्या डाव्या पायाची दोन बोटे गेली. मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पण ती पायरी चढताना अण्णांचे लंगडणे मी विसरू शकत नाही.

म्हणून वाटते, “माणूस जपला तर काम मागे पडते” हे म्हणणे खरे नाही. जगातल्या अतिवेगवान गाड्यांपैकी एक गाडी माणसाच्या पावलांसाठी लांब झाली, आणि तरीही जिंकली.

कोणी म्हणेल, नियमाने सगळे वाचतात का? नाही वाचत. १९८५ मध्ये कॅनडातील मोस्पोर्ट येथे मानफ्रेड विंकेलहॉकला अपघात झाला आणि त्यात तो गेला. तो ९६२ च चालवीत होता. नियम म्हणजे अभयदान नव्हे. पण एक नियम अपुरा पडला म्हणून तो नसावा असे ठरत नाही. आणखी एक हवा, एवढेच ठरते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पोर्शेने ही जागा आपण होऊन सोडली नव्हती. कोणीतरी दारात उभे राहून “नाही” म्हटले, तेव्हा ती सुटली. गाडी जगज्जेती असली तरी नाही.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कोणी कचेरीत बसेल, कोणी कारखान्यांची तपासणी करील. समोर कागद येईल, शेजारी घाई करणारा साहेब असेल. त्या वेळी अकराशे अश्वशक्ती आठवली नाही तरी चालेल. पाच इंच आठवावेत.