नव्याण्णव सुखी आणि एक हट्टी

गेल्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पटांगणात उभे असता एका वृद्ध आत्याबाईंनी आम्हांस गाठले. "मास्तर, आमचा नातू रात्री बारा बारा वाजेपर्यंत मोबाईलवर अंतराळातली भुतावळ पाहत बसतो. दटावले तर म्हणतो, मास्तरही पाहतात. खरे का हे?" वाचकहो, खोटे बोलण्याची ती जागा नव्हती. आम्ही मान खाली घालून होकार दिला. "मग त्यात आहे तरी काय, ते एकदा सांगा," असे म्हणून आत्याबाई घराकडे वळल्या. ते उत्तर आज ह्या सदरातून देण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्हांस हे वेड जुनेच आहे. 1998 साली दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' लागे, तेव्हा शेजारच्या मुलांच्या घोळक्यात एक प्रौढ गृहस्थही मांडी घालून बसलेला असे. तो कोण, हे सांगणे न लगे. विज्ञानकथा हे केवळ परक्यांचे खूळ आहे, असेही कोणी समजू नये. डॉ. जयंत नारळीकर ह्यांच्यासारख्या खगोलशास्त्रज्ञाने मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. 2025 च्या मे महिन्यात ते निवर्तले, परंतु त्यांच्या कथा वाचून आकाशाकडे पाहण्यास शिकलेले वाचक गावोगावी आहेत.

पुष्कळांचा असा समज असतो की, अशा मालिकांत याने उडतात, किरणांच्या बंदुका चालतात आणि शिंगे असलेले परग्रहवासी येतात. तशा मालिका आहेत, आणि त्यांतील बऱ्याच आम्ही दोन भाग पाहून सोडून दिल्या आहेत. ज्या मनात घर करून राहिल्या त्यांत यंत्र हे केवळ निमित्त असते. त्यांचा प्रश्न एकच असतो : सगळे कसे सुरळीत चालले असता एका माणसाची किंमत किती?

'सेव्हरन्स' ही अमेरिकन मालिका घ्या. ती 2022 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. ल्यूमन नावाच्या एका काल्पनिक कंपनीत काही नोकरांच्या मेंदूत एक लहानशी चकती बसवितात. कचेरीच्या उद्वाहकातून खाली उतरताच घरची सारी आठवण पुसली जाते, आणि सायंकाळी वर येताच कचेरीतील दिवस पुसला जातो. मार्क नावाच्या नायकाने हे आपखुशीने पत्करले आहे, कारण पत्नीवियोगाचे दुःख त्याला निदान आठ तास तरी विसरावयाचे आहे. परंतु कचेरीत जो मार्क उरतो त्याला ना घर, ना झोप, ना रविवार. त्याच्या दृष्टीने तो सदैव कामाच्या मेजापाशीच असतो. हेली नावाची त्याची सहकारी राजीनामा देऊ पाहते आणि तो नाकारला जातो. नाकारणारी कोण? बाहेरच्या जगातील ती स्वतःच!

ह्या मालिकेतील एक लहानसा प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. डिलन नावाच्या नोकराला कंपनीचा अधिकारी त्याच्या घरीच क्षणभर 'कचेरीतला डिलन' म्हणून जागा करतो. इतक्यात एक मूल धावत येऊन त्याच्या गळ्यात पडते. आपल्याला मुलगा आहे, हे त्या बापाला तेव्हा प्रथम कळते. त्यानंतर तो कंपनीच्या बक्षिसांना भुलत नाही. हा भाग पाहताना आम्हांस आपल्याच गावांतील घरे आठवली. गोव्याकडील व बेळगावकडील कित्येक घरांचा कर्ता पुरुष वर्षातील बराच काळ आगबोटीवर किंवा आखातात असतो. तो परत येतो तेव्हा अंगणातील मूल प्रथम आईच्या पदराआड दडते. मेंदूत चकती न बसविताही माणसाचे दोन तुकडे होतात, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावयास नको.

दुसरी मालिका 'सायलो'. ती 2023 च्या मे महिन्यात सुरू झाली. ह्यू हाउई ह्यांच्या कादंबऱ्यांवर ती बेतलेली आहे. जमिनीखाली एकशे चव्वेचाळीस मजल्यांची एक प्रचंड कोठी, तीत दहा हजार माणसे, आणि वरखाली जाण्यास एकच गोल जिना. बाहेरील हवा विषारी आहे, असे सर्वांना सांगितलेले असते. 'मला बाहेर जावयाचे आहे,' एवढे शब्द कोणी उच्चारले की, त्याला बाहेर पाठवितात, मग परत बोलाविणे नाही. हिची नायिका ज्युलिएट ही अगदी तळच्या मजल्यावर जनित्र दुरुस्त करणारी कारागीर आहे. पहिल्या पर्वात ते जनित्र बंद करून नादुरुस्त पाते नीट करण्याचा एक भाग आहे. वाफेचा दाब वाढत असतो, वेळ थोडा असतो, आणि साऱ्या कोठीचा जीव चार तेलकट हातांवर टांगलेला असतो. विहिरीवरील पंप ऐन उन्हाळ्यात बंद पडल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हा भाग पाहताना खुर्चीवर स्वस्थ बसवणार नाही.

आता भक्ताची तक्रारही ऐकावी. ह्या नव्या मालिका वाट फार पाहावयास लावतात. 'सेव्हरन्स'चे पहिले पर्व 2022 च्या एप्रिलात संपले आणि दुसरे 2025 च्या जानेवारीत आले. मध्यंतरी 2023 साली अमेरिकेतील लेखक व नट ह्यांचे संप झाले हे खरे, तथापि जुन्या 'स्टार ट्रेक' मालिकेने 1966 ते 1969 ह्या तीन वर्षांत एकोणऐंशी भाग दिले होते, ह्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. शिवाय त्या दुसऱ्या पर्वात कोडी इतकी वाढली की, कथेतील माणसे मधूनमधून त्यांत हरवली, असे आमचे प्रामाणिक मत आहे. ह्याहून वाईट म्हणजे कथा अर्ध्यावर टाकणे. '1899' नावाची, स्थलांतरितांच्या आगबोटीची एक सुरेख गूढ कथा 2022 च्या नोव्हेंबरात आली. आठ भागांनंतर कोडे अधिकच गडद झाले, आणि जानेवारीत जाहीर झाले की, पुढे काही येणार नाही. आजीने गोष्ट रंगवावी आणि ऐन वेळी दिवा मालवून झोपी जावे, असा हा प्रकार झाला.

तिसरी मालिका मुद्दामच शेवटी ठेवली आहे. 'प्लुरिबस' ही व्हिन्स गिलिगन ह्यांची मालिका 2025 च्या नोव्हेंबरात सुरू झाली. सहाशे प्रकाशवर्षांवरून रेडिओलहरींतून एक संकेत येतो. शास्त्रज्ञ तो उलगडून प्रयोगशाळेत सिद्ध करतात, आणि त्यातून पसरलेल्या संसर्गाने साऱ्या जगाचे मन एक होते. त्या उलथापालथीत कोट्यवधी लोक मरतात. जे उरतात ते मात्र अखंड समाधानी, न भांडणारे आणि खोटे न बोलणारे असतात. केवळ तेरा माणसे ह्या संसर्गातून सुटतात. त्यांपैकी एक कॅरल नावाची चिडखोर, मद्यप्रिय कादंबरीकार. रिया सीहॉर्न ह्या नटीने ती अशी वठविली आहे की, तिचा राग येतो आणि तिच्यासाठी जीवही तुटतो. सारे जग तिची मनधरणी करते. दुकानात माल नाही म्हणून तिने कुरकुर करताच ते एकचित्त लोक मालमोटारी आणून सबंध दुकान तिच्या एकटीसाठी भरून देतात. तरी ती म्हणते, मला हे सुख नको.

कथा संथ आहे, आणि कित्येकांना ती कंटाळवाणी वाटेल. आम्हांस ती संथपणामुळेच पटली, कारण एकटेपण घाईने दाखविता येत नाही. पहिल्या पर्वाच्या अखेरच्या भागाचा आरंभ मात्र प्रत्येक गावकऱ्याने पाहावा. पेरू देशातील डोंगराळ खेड्यातील एक मुलगी अद्याप सुटी राहिलेली असते. तिला आपल्या माणसांत मिसळावयाचे असते. कुशीत एक लाडके करडू असते. गावकरी भोवती गात असतात. ती तो श्वास घेते, एक होते, आणि त्याच क्षणी गाणे थांबते. आता कोणाला गाण्याची गरज उरलेली नसते. सर्व जण मुकाट्याने आवराआवर करून गाव सोडतात. ती मुलगीही करडाला खाली ठेवून चालू लागते आणि ते ओरडत तिच्या मागे धावते. ती वळूनसुद्धा पाहत नाही.

हे दृश्य पाहून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून हरवलेल्या एकाच्या शोधार्थ जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. येथे तोच उलटा झालेला दिसला : शंभराचे सुख साधले, परंतु एका करडाची हाक ऐकावयास कोणी उरले नाही. एकोपा आपणांस हवाच, परंतु ज्या एकोप्यात कोणी कोणाला नावाने हाक मारीत नाही, तो एकोपा नव्हे. धर्मग्रंथ हाती न घेतलेल्या माणसालाही ही मालिका तेवढे विचारावयास लावते.

तेव्हा आत्याबाई, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : त्यात भुतावळ थोडी आणि माणूस पुष्कळ आहे. ह्या मालिका लहान मुलांसाठी मात्र नाहीत, कारण त्यांत हिंसा, मद्यपान व कठोर भाषा आहे. नातू जाणता आहे. त्याला रात्री बारापर्यंत एकटा बसू देऊ नका, पण मोबाईल हिसकावूनही घेऊ नका. शनिवारी जेवणे आटोपल्यावर त्याच्या शेजारी बसा, एकच भाग पाहा आणि न समजेल ते त्याला विचारा. तो समजावून सांगेल, आणि घरात दोन माणसांचे बोलणे सुरू होईल. करडाचा भाग लागेल तेव्हा आम्हांसही बोलवा. तो पुन्हा पाहण्याची आमची तयारी आहे.