सॉफ्टवेअरचाही शोध अहवाल हवा

घर तारण ठेवून कर्ज देताना बँक केवळ विक्रेत्याच्या शब्दावर विसंबत नाही. जुने दस्त तपासून वकिलांचा शोध अहवाल मागविला जातो. मालकीच्या साखळीतील एखादा दुवा निखळलेला आढळला, तर प्रकरण तेथेच थांबते. हीच दक्षता सॉफ्टवेअर खरेदी करतानाही आवश्यक आहे, असे माझे मत आहे.

आजचे सॉफ्टवेअर क्वचितच एकाच संस्थेने लिहिलेले असते. त्यात मुक्त स्रोत, म्हणजे ओपन सोर्स, घटकांचा मोठा वाटा असतो. हे घटक बहुधा विनामूल्य मिळतात. परंतु ते विनाअट नसतात. जीपीएल परवान्यानुसार असे सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याने त्याचा सोर्स कोडही उपलब्ध करून द्यावा लागतो. अपाचे परवान्यानुसार परवान्याची प्रत सोबत द्यावी लागते.

अमेरिकेतील सिस्को कंपनीने २००३ साली लिंक्सिस ही कंपनी विकत घेतली. लिंक्सिसच्या राउटरमध्ये जीपीएल परवान्याखालील लिनक्स होते आणि त्यातील बराच भाग बाहेरच्या पुरवठादारांकडून आला होता. तरीही डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने दावा लावला तो सिस्कोवर. २००९ मध्ये तडजोड झाली. त्यानुसार परवान्यांच्या पालनासाठी सिस्कोला स्वतंत्र अधिकारी नेमावा लागला. सारांश, माल ज्याच्या नावाने विकला जातो, जाब त्यालाच द्यावा लागतो.

बँकेने स्वतःच्या संगणकांवर अंतर्गत कामासाठी वापरलेल्या सॉफ्टवेअरला जीपीएलची ही अट सहसा लागू होत नाही. मोबाईल अ‍ॅप मात्र बँकेच्या नावाने ग्राहकांच्या हाती जाते. ते पुरवठादाराने लिहिले, ही सबब तेथे पुरेशी ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेतल्याने बँकेची ग्राहकांप्रती असलेली जबाबदारी कमी होत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२३ च्या निर्देशांतही स्पष्ट आहे.

घटकांची यादी मागितल्यास खर्च वाढेल, लहान पुरवठादार मागे हटतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु यादीचा लाभ परवान्यांपुरता मर्यादित नसतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या घटकात गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा यादी नसलेल्या संस्थांना तो आपल्याकडे कोठे वापरला आहे, हेच प्रथम शोधावे लागले. शिवाय, पालनाची रीत घालून देणारे आयएसओ ५२३० हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० पासून उपलब्ध आहे.

म्हणून प्रत्येक करारात घटकांची व त्यांच्या परवान्यांची यादी, उपपुरवठादारांवर तेच बंधन आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर सुधारित यादी, या तीन अटी असाव्यात. यादी हाती येईपर्यंत अखेरचा हप्ता देऊ नये. दस्त अपुरे असताना आपण कर्जाची रक्कम देत नाही. मग येथे वेगळा न्याय कशासाठी?