पहिल्या तीन महिन्यांतील पोटदुखी

दिवस गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ओटीपोटात अधूनमधून दुखते. पुष्कळदा कारण साधेच असते : ताणली जाणारी गर्भपिशवी, बद्धकोष्ठता, गॅस. तरी सून धास्तावते आणि घरचे म्हणतात, ‘एवढे दुखायचेच.’ आमच्या मते धीर जरूर द्यावा, पण तपासणी करून. एका बाजूला तीव्र कळ, अंगावरून रक्त जाणे, चक्कर, खांदा दुखणे ही गर्भ नलिकेत रुजल्याची लक्षणे असू शकतात. तेव्हा सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लघवीला जळजळ वा ताप असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मनाने गोळ्या घेऊ नयेत. सोनोग्राफीत गर्भ जागेवर दिसला, की निम्मी काळजी मिटते. दुखणे बोलून दाखवणारी सून नाजूक नव्हे, शहाणी समजावी.