चित्राची राखण काचेमागे होते

चित्र फ्रेम करायला दिले की दुकानात बोलणे होते ते पट्टीवर. सोनेरी घ्यायची की काळी, सागवानी की फायबरची, एक इंची की दोन इंची, यावर घरातले सगळे मत देतात. चित्रामागे कोणता पुठ्ठा जाणार, ते कशाने चिकटवणार, काच कागदाला टेकणार की नाही, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. चित्र पन्नास वर्षे टिकणार की दहा वर्षांत डागाळणार, ते ठरते याच गोष्टींवर. म्हणून फ्रेमच्या खर्चातला पहिला वाटा काचेमागच्या साहित्याला मिळाला पाहिजे आणि चित्राला आज जे काही लावले जाईल, ते उद्या इजा न होता काढता आले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

याचा पुरावा आपल्याच भिंतींवर आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या देवदेवतांच्या छापील चित्रांनी मराठी घरांच्या भिंती सजल्या. अशा जुन्या तसबिरी उघडल्या, की कागदाच्या पाठीवर अनेकदा तपकिरी उभे पट्टे दिसतात. मागे लावलेल्या लाकडी फळ्यांच्या फटींचा तो ठसा असतो. लाकडातून आणि स्वस्त पुठ्ठ्यातून आम्ल सुटते, ते कागदात उतरते, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. साध्या माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, तिरकी कापलेली पांढरी कड काही वर्षांत तपकिरी होते, तेव्हा शेजारच्या चित्रावरही तोच परिणाम चाललेला असतो. लाकडाच्या लगद्यातले लिग्निन हे त्याचे एक मोठे कारण. कापसाच्या लगद्याच्या किंवा लिग्निन काढलेल्या ॲसिड-फ्री बोर्डात हा धोका फारच कमी असतो.

आपल्या हवेत हा प्रश्न अधिक बिकट होतो. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. काच कागदाला टेकलेली असेल तर तिथे ओल साचते, बुरशी धरते, फोटोचा पृष्ठभाग काचेला चिकटून बसतो. माउंट शोभेसाठी असतो असा समज आहे, पण काच आणि चित्र यांच्यात हवेची जागा ठेवणे हे त्याचे मोठे काम आहे. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे तुकडे लावले, तर ओलसर भिंत आणि पाठ यांच्यातही हवा खेळते. प्रकाशाचे नुकसान तर भरूनच निघत नाही. उडालेला जलरंग परत येत नाही, म्हणून संग्रहालये कागदावरच्या चित्रांसाठी साधारण 50 लक्स इतकाच मंद प्रकाश ठेवतात. घरात तेवढे शक्य नसले तरी अतिनील किरण रोखणारी काच वापरता येते आणि उन्हाची भिंत टाळता येते. धुरंधर, हळदणकर यांच्यासारख्या चित्रकारांनी जलरंगाची मोठी परंपरा उभी केली त्या महाराष्ट्रात ही जाण सार्वत्रिक असायला हवी.

चित्र पुन्हा काढता येईल असे लावण्यावर कारागिरांचा आक्षेप रास्त वाटतो : चित्र पूर्ण चिकटवले नाही तर कागदाला लाटा येतात आणि गिऱ्हाईक तक्रार करते. पण कागद ओलीने फुगतो आणि कोरड्या हवेत आखडतो, हा त्याचा स्वभाव आहे. गोंदाने किंवा दुहेरी टेपने तो चहूबाजूंनी जखडला तर सुरकुततो, कधी फाटतोही. जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने वरच्या कडेला लावल्या की चित्र लटकून राहते, त्याला हलायला जागा मिळते आणि थोड्या पाण्याने, हलक्या हाताने ते सोडवताही येते. पावसाळ्यात दिसणारी बारीक लाट हा दोष मानू नये. दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक कॅलेंडरला किंवा पोस्टरला ही व्यवस्था हवी, असे माझे म्हणणे नाही. जे पुन्हा छापता येते ते खुशाल लॅमिनेट करावे. मात्र आजी-आजोबांचा एकुलता एक फोटो एमडीएफवर चिकटवून लॅमिनेट करणे म्हणजे त्याचा परतीचा रस्ता बंद करणे. तिथे प्रतीला फ्रेम करावी, मूळ फोटो सांभाळून ठेवावा. आणि मूळ चित्रासाठी बजेट अपुरे पडत असेल, तर पट्टी साधी घ्यावी; बोर्ड आणि काच चांगली घ्यावी.

हा बदल एकट्या फ्रेमवाल्यावर ढकलणे अन्यायाचे ठरेल, कारण जे मागितले जाते तेच तो देतो. मागणी बदलण्याची जबाबदारी चित्र विकणाऱ्या गॅलऱ्यांची, प्रदर्शने भरवणाऱ्या संस्थांची आणि कलाशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांची आहे. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्राच्या पाठीवर फ्रेम केल्याची तारीख, बोर्डाचा प्रकार आणि चिकटवण्याची पद्धत लिहिण्याचा पायंडा त्यांनी पाडावा. ग्राहक त्यामुळे प्रश्न विचारायला शिकेल, कारागिराच्या चांगल्या कामाला नाव आणि दाम मिळेल आणि पुढे ते चित्र दुरुस्त करणाऱ्याला काय सोडवायचे आहे हे आधीच कळेल.