रिकाम्या खुर्च्या आणि शेजारचे गिऱ्हाईक

कापडाचा तागा आज विकला गेला नाही तर उद्या विकता येतो. भाजीवाल्याला मात्र संध्याकाळपर्यंत माल काढावाच लागतो. फुटबॉलच्या मैदानातील खुर्चीची अवस्था भाजीपेक्षाही नाजूक असते. सामना सुरू झाला की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते, खर्च मात्र एका पैशानेही कमी होत नाही. इंग्लंडमधील खालच्या श्रेणीतील फुटबॉल क्लब गेली अनेक वर्षे याच अडचणीशी झगडत आहेत. त्यांपैकी ब्रॅडफर्ड सिटी या क्लबचा अनुभव आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखा आहे. त्यात किमतीचा धडा आहे आणि शेजारच्या मुस्लिम गिऱ्हाइकाचाही प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या चार श्रेणी असून त्यांत 92 क्लब आहेत. सर्वात वरच्या श्रेणीला टेलिव्हिजनचा पैसा भरपूर मिळतो. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या वाट्याला त्यातील फारच थोडे येते. तेथील क्लबला गल्ल्यावर अवलंबून राहावे लागते. 1983 पासून लीग सामन्यांच्या तिकिटांचे उत्पन्न यजमान क्लबकडेच राहते. म्हणजे घरच्या मैदानावर जितकी माणसे येतील तितकी क्लबची स्वतःची कमाई.

सहा पौंडांचा प्रयोग

ब्रॅडफर्ड सिटीची स्थापना 1903 ची. 1911 मध्ये या क्लबने एफ. ए. कप जिंकला होता. 1999 ते 2001 अशी दोन वर्षे तो सर्वोच्च श्रेणीत खेळला. त्या काळात व्हॅली परेड हे मैदान वाढवून सुमारे 25 हजार खुर्च्यांचे करण्यात आले. पुढे घसरण सुरू झाली. 2002 आणि 2004 मध्ये क्लब कर्जापायी प्रशासकाच्या ताब्यात गेला, 2003 मध्ये मैदान विकले गेले आणि क्लब स्वतःच्या घरात भाडेकरू झाला. 2007 मध्ये तो चौथ्या श्रेणीत येऊन पडला. मैदान मोठे, भाडे ठरलेले आणि खुर्च्या रिकाम्या, अशी ती परिस्थिती होती.

अशा वेळी बहुतेक व्यापारी दर वाढवून तोटा भरून काढण्याचा प्रयत्न करतात. या क्लबने उलट केले. 2007-08 च्या हंगामाचा पास त्याने 138 पौंडांना विकायला काढला. घरचे सामने 23, म्हणजे एका सामन्याला अवघे सहा पौंड. आधीच्या हंगामात सरासरी साडेआठ हजारांच्या आसपास असलेली उपस्थिती साडेतेरा हजारांच्या घरात गेली, तीही संघ एक श्रेणी खाली घसरलेला असताना. 2015-16 मध्ये पास 149 पौंडांना देण्यात आला, तेव्हा संघ तिसऱ्या श्रेणीत होता आणि सरासरी अठरा हजारांपर्यंत पोचली.

येथे दोन बाबी नीट ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की क्लबने तिकिटे फुकट वाटली नाहीत. फुकट मिळालेल्या वस्तूची कदर राहत नाही, आणि ज्याने दाम मोजले आहेत त्यालाही आपण फसलो असे वाटते. दुसरी बाब रोखीची. मे ते ऑगस्टच्या दरम्यान सामने नसतात, गल्ला बंद असतो, पण पगार व भाडे द्यावेच लागते. पासाची रक्कम हंगामापूर्वीच हाती आल्याने ती नड भागते. आगाऊ रक्कम घेऊन भाव सोडणे आणि घाबरून भाव पाडणे यांतील फरक आपल्या घाऊक व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नाही.

स्वस्ताईची मर्यादा

तरीही हा उपाय सर्वांसाठी आहे असे म्हणता येणार नाही. ज्या क्लबचे मैदान लहान आहे आणि निम्म्याहून अधिक भरते, त्याने असा दर लावला तर हातचे उत्पन्न जाईल. शिवाय इंग्लंडमध्ये पास घेणारा आला नाही तरी त्याची गणना सामान्यतः उपस्थितीत होते. कागदावर खुर्ची भरते, पण रिकाम्या खुर्चीसमोरून चहा व खाद्यपदार्थ विकले जात नाहीत. स्वस्त पासाने संघ जिंकू लागतो असेही नाही. ब्रॅडफर्डला चौथ्या श्रेणीतून वर यायला 2013 साल उजाडावे लागले.

सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे, स्वस्ताई त्याच माणसाला परत आणते ज्याला येण्याची मुळात इच्छा आहे. जो कधी उंबरठा ओलांडून आत आलाच नाही, त्याला केवळ दर कमी करून आणता येत नाही. ब्रॅडफर्डच्या बाबतीत असा माणूस मैदानाच्या भिंतीलगत राहतो.

मैदानाबाहेरचा मोहल्ला

व्हॅली परेड हे मॅनिंगहॅम भागात आहे. लोकरीच्या गिरण्यांसाठी ब्रॅडफर्ड एकेकाळी जगभर प्रसिद्ध होते. 1950 व 60 च्या दशकांत मीरपूर भागातून हजारो लोक या गिरण्यांत रात्रपाळी करायला आले. मंगला धरणात ज्यांची गावे बुडाली असेही अनेक जण त्यांत होते. पुढे गिरण्या बंद पडल्या. ज्यांचे आयुष्य मागावर गेले आहे अशा वाचकांना त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. त्यांची मुले टॅक्सी, खानावळी आणि किराणा दुकानांच्या धंद्यात शिरली. 2021 च्या जनगणनेनुसार ब्रॅडफर्ड जिल्ह्यात 30 टक्क्यांहून अधिक लोक मुस्लिम आहेत. स्टँडमध्ये मात्र हे प्रमाण कधी दिसले नाही.

याची कारणे जुनी आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इंग्लंडमधील अनेक मैदानांबाहेर वंशद्वेषी टोळ्या उघडपणे वावरत. सामन्याच्या दिवशी घराबाहेर पडू नये, अशीच शिकवण आई-वडील मुलांना देत. असे असूनही 11 मे 1985 रोजी व्हॅली परेडच्या स्टँडला आग लागून 56 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा आजूबाजूच्या घरांनी, त्यांत आशियाई कुटुंबेही होती, बचावलेल्यांसाठी दारे उघडली आणि घरी कळवण्यासाठी फोन वापरू दिला. संकटात शेजारधर्म पाळणारा हा मोहल्ला क्लबचा गिऱ्हाईक का होऊ नये?

काय करता येईल?

आमच्या मते क्लबने प्रथम घड्याळाकडे पाहावे. सामना शनिवारी तीन वाजता सुरू होतो. डिसेंबरात तेथे सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे मगरिबची वेळ नेमकी मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत येते. नमाजसाठी स्वच्छ जागा, वजूसाठी पाणी आणि वाट दाखवणारी ठळक पाटी, एवढ्याने अनेकांची अडचण दूर होईल. ब्लॅकबर्न रोव्हर्स या दुसऱ्या श्रेणीतील क्लबने 2022 मध्ये ईदची नमाज आपल्या मैदानावर भरवली होती. असा सोहळा वर्षातून एकदा होतो. मध्यंतरातील सोय दर सामन्याला लागते.

दुसरे, खाणे आणि बैठक. 1985 च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी दारू पिण्यास बंदी आहे, पण स्टँडखालच्या मोकळ्या जागेत ती विकली जाते. मुलाबाळांसह येणाऱ्यांसाठी दारूविरहित वाट व बैठक असावी आणि हलाल खाण्याचा गाळा शेजारच्याच खानावळवाल्याला द्यावा.

तिसरे, तिकिटे मोहल्ल्यात न्यावीत. मिठाईवाला, किराणा दुकानदार, न्हावी यांना पास विकण्याचे काम कमिशनवर द्यावे. ओळखीच्या माणसाने दिलेल्या तिकिटावर जो भरवसा बसतो तो मोठ्या फलकाने बसत नाही. शनिवार दुपार ही दुकानदाराची ऐन धंद्याची वेळ असते आणि टॅक्सीवाल्याचीही. त्यांच्यासाठी मंगळवारच्या रात्रीच्या सामन्यांचा वेगळा, स्वस्त पास काढायला काय हरकत आहे?

चौथे, खेळाडू. प्रीमियर लीगचा सामना सुरुवातीपासून खेळणारा पहिला ब्रिटिश आशियाई खेळाडू झेश रहमान पुढे ब्रॅडफर्डकडूनही खेळला. असे मूल दर पिढीत सापडले पाहिजे, आणि त्यासाठी शोध घेणाऱ्या प्रशिक्षकांनी गल्लीत गेले पाहिजे. आपला मुलगा मैदानात असेल तर त्याचे सारे कुटुंब स्टँडमध्ये येते.

अर्थात जबाबदारी एकट्या क्लबची नाही. तेथील मुस्लिम व्यापाऱ्यांनीही आम्हाला कोणी बोलावले नाही असे म्हणत बसू नये. गाळा मागावा, मुलांसाठी पास घ्यावेत, अडचण लेखी कळवावी. सामन्याच्या दिवशी पंधरा-सतरा हजार माणसे आपल्या गल्लीतून जातात, ही कोणत्याही दुकानदारासाठी लहान गोष्ट नव्हे.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा फुटबॉल क्लबशी संबंध येणार नाही. रिकाम्या खुर्च्या मात्र प्रत्येक धंद्यात असतात. भाव कमी करण्याआधी, दुकानासमोरून रोज जाणारा आणि कधीच आत न येणारा माणूस कोण आहे आणि तो का येत नाही, हे एकदा त्यालाच विचारून पाहावे.